चारशे जणांना विचारून सगळ्यांचं मत कळतं का?

आपल्या भागातल्या लोकांना राजकारण, बातम्या आणि आर्थिक परिस्थितीबद्दल काय वाटतं, याची पाहणी करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी जास्त आले. छापून आलेल्या आकड्यांचा अर्थ विचारणारेही काही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात साधारण २० हजार मतदार आहेत. आम्ही दहा-बारा जण मिळून पाहणी करणार आहोत. किती लोकांना विचारावं? कोणी दहा टक्के सांगतं, म्हणजे दोन हजार झाले. तेवढं आम्हाला झेपणार नाही.

उत्तर : दहा टक्क्यांचा हिशेब सोडून द्या. अंदाज किती नेमका येईल हे तुम्ही प्रत्यक्ष किती माणसांशी बोललात त्यावर ठरतं, ती संख्या एकूण लोकसंख्येच्या किती टक्के आहे त्यावर नाही. माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील, तर १०० जणांच्या पाहणीत आकडा १० टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतो, ४०० जणांत ४.९, ६०० जणांत ४ आणि १००० जणांत ३.१ टक्के. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. म्हणून ४०० च्या पुढे मेहनत भराभर वाढते आणि हाती येणारी अचूकता मात्र थोडीथोडीच वाढते. मतदार २० हजार असोत की २० लाख, ४०० जणांचा नमुना जवळपास सारखंच काम देतो. वस्ती फारच लहान असेल तेव्हाच फरक जाणवतो. दोन हजारांतल्या ४०० जणांना विचारलं, तर ४.९ ऐवजी ४.४ टक्के.

या हिशेबात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे गटांची तुलना. चारशेत १८ ते २५ वयाचे ५० जण असतील, तर त्या गटाच्या आकड्यात १४ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. ‘तरुणांचं मत वेगळं’ असं त्यावरून म्हणता येत नाही. तरुणांबद्दल वेगळं बोलायचंच असेल, तर त्या वयाचे १५०-२०० जण मुद्दाम जास्त घ्या आणि एकूण आकडा काढताना त्यांचं वजन, म्हणजे हिशेबात त्यांची उत्तरं किती धरायची ते, मूळ प्रमाणाइतकं कमी करा.

दुसरी फसगत पायपीट वाचवण्यातून होते. २० गल्ल्या निवडून प्रत्येकीत २० मुलाखती घेतल्या की ४०० होतात खरे, पण एका गल्लीतली माणसं बऱ्याचदा एकमेकांसारखाच विचार करतात. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे) अगदी थोडं, समजा ०.०५ धरलं, तरी ४०० ला १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ ने भागावं लागतं. तुमचे ४०० जण २०५ जणांइतकीच माहिती देतात आणि चूक होण्याची मर्यादा ६.८ टक्क्यांवर जाते. त्याऐवजी ४० गल्ल्यांत दहा-दहा मुलाखती घ्या. मग तीच मर्यादा ५.९ वर येते. माणसं तेवढीच, फक्त चालणं जास्त.

प्रश्न : आम्ही मोबाइलवरून फॉर्म फिरवला. दोन दिवसांत ३,२०० जणांनी भरला. घरोघरी जाऊन केलेल्या चारशेपेक्षा हा आकडा भक्कम नाही का?

उत्तर : नाही. उत्साहावर पाणी टाकावं लागतंय, पण हे स्पष्ट सांगणं भाग आहे. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं त्यांनी जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली. जनमत पाहण्या करणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने अगदी थोड्या लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्यावरून बनवलेल्या होत्या, म्हणजे मंदीतही खाऊनपिऊन बरे असलेले लोक त्यात जास्त. शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवायची तळमळ ज्यांना होती, ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. हे दुसरं कारण लोक विसरतात.

तुमच्या फॉर्ममध्ये दोन्ही दोष आहेत. तो ज्या समूहांत फिरला तिथलीच माणसं त्यात आली, आणि त्यांतही विषयाबद्दल चीड किंवा उत्साह असलेल्यांनीच भरला. माणसं वाढली की चिठ्ठ्यांच्या नशिबाची चूक कमी होते, निवडीतला कल कमी होत नाही. तो ३,२०० जणांत जेवढा असेल तेवढाच ३२ हजारांतही राहतो. एकाने चारदा भरला का, बाहेरच्यांनी भरला का, हेही कळायला मार्ग नाही.

फॉर्म फुकट गेला असंही नाही. त्यातली मोकळ्या शब्दांतली उत्तरं वाचा. लोक कोणत्या अडचणी बोलून दाखवतात, कोणते शब्द वापरतात हे तिथून उचला आणि खऱ्या पाहणीच्या प्रश्नावलीत वापरा. त्यातली टक्केवारी मात्र छापू नका.

प्रश्न : माणसं निवडायची कशी, हे पायरीपायरीने सांगाल का? आमचे कार्यकर्ते चौकात उभं राहून विचारू म्हणतात.

उत्तर : चौकात बाहेर पडणारेच भेटतात. घरात राहणारे, आजारी, पाळीवर गेलेले आणि दिवसभर रानात असणारे सुटतात. यादीवरून निवड करा.

मतदार यादी हाताशी असेल तर आधी मुलाखती किती मिळतील याचा अंदाज घ्या. निवडलेल्यांपैकी ६५ टक्के भेटतील आणि बोलतील असं धरलं, तर ४०० मुलाखतींसाठी ६१५ च्या आसपास नावं लागतील. २० हजाराला ६१५ ने भागलं की ३२ येतात. १ ते ३२ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा ९ आला, तर यादीतलं ९ वं, ४१ वं, ७३ वं अशी दर ३२ व्या नावाची नोंद करत शेवटपर्यंत जा. जवळजवळ ६२५ नावं मिळतील. त्यांचे १२५-१२५ चे पाच गठ्ठे करा, पण सलग नव्हे, तर पहिलं नाव पहिल्या गठ्ठ्यात, दुसरं दुसऱ्यात, असं वाटत जाऊन. एक गठ्ठा हाती घेतला की तो संपवल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. वेळ अपुरा पडला तर शेवटचा गठ्ठा न उघडता थांबा. नमुना लहान होईल, पण वाकडा होणार नाही.

प्रत्येक नावासाठी निदान तीन फेऱ्या मारा, एक सकाळी, एक संध्याकाळी, एक सुटीच्या दिवशी. तीनही वेळा माणूस भेटला नाही तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. शेजारच्याला विचारून जागा भरायची नाही. बिघाड इथेच सर्वांत जास्त होतो. सर्वेक्षकाला संध्याकाळपर्यंत दहा फॉर्म पुरे करायचे असतात, समोरच्या दाराला कुलूप असतं आणि बाजूच्या घरात कोणीतरी मोकळं बसलेलं असतं. अशा अदलाबदलीतून नमुन्यात घरी बसणारेच भरत जातात. म्हणून सर्वेक्षकाला किती फॉर्म भरले यावर जोखू नका, नेमून दिलेल्या नावांपैकी किती नावं तडीस नेली ते पाहा.

यादीतून कोण सुटतं त्याचाही विचार करा. नव्याने राहायला आलेले भाडेकरू आणि कामासाठी आलेली कुटुंबं तिथल्या यादीत बहुधा नसतात. आर्थिक स्थितीचे प्रश्न तर त्यांना विचारायलाच हवेत. अशा वेळी नावांऐवजी घरं निवडा. सगळ्या घरांना क्रमांक द्या, ठरावीक अंतराने घर घ्या आणि घरातल्या १८ वर्षांवरच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडे झाला त्याच्याशी बोला. दार उघडणाऱ्याशीच बोललात तर दुपारी बायका आणि म्हातारी माणसं, संध्याकाळी कर्ते पुरुष, असाच नमुना तयार होतो.

प्रश्न : प्रश्नावलीत प्रश्न कोणत्या क्रमाने ठेवावेत? शब्दांनी खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि मोजून दाखवता येईल इतका पडतो. १९४० च्या सुमारास अमेरिकेत एका गटाला विचारलं, लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणं करू द्यावीत का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नयेत. दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? हो म्हणणारे ४६ टक्केच निघाले. दोन्ही प्रश्नांचा अर्थ एकच, पण ‘बंदी’ हा शब्द जड वाटतो.

क्रमाचा दाखला तर थेट पत्रकारितेतलाच आहे. १९४८ साली अमेरिकन लोकांना विचारलं, साम्यवादी देशांच्या बातमीदारांना अमेरिकेत येऊन त्यांना दिसेल तशा बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न आधी आला तेव्हा ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. अमेरिकन बातमीदारांना रशियात तशी मुभा असावी का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न घातला तेव्हा ७३ टक्के ‘हो’ म्हणाले. आपल्यासाठी एकदा ‘हो’ म्हटल्यावर दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणं लोकांना जमलं नाही.

तुमच्या तीन विषयांसाठी आमच्या मते क्रम असा असावा. आधी मोकळा प्रश्न : ‘तुमच्या भागात सध्या सगळ्यांत मोठी अडचण कोणती?’ पर्याय वाचून दाखवू नका, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मग आर्थिक प्रश्न, मग माध्यमं, मग राजकारण. वय, शिक्षण, काम, उत्पन्न अगदी शेवटी. आपण कोणाला मत देतो हे एकदा सांगून झालं की पुढची सगळी उत्तरं त्या मताशी जुळवून घेण्याकडे माणूस झुकतो. राजकारण आधी आणलं तर घरखर्चाच्या उत्तरालाही पक्षाचा रंग चढतो.

‘वाढत्या महागाईकडे प्रशासनाने केलेल्या दुर्लक्षाबद्दल तुम्ही नाराज आहात का?’ असले प्रश्न काढून टाका. त्यात महागाई वाढली हे गृहीत आहे, दुर्लक्ष झालं हेही गृहीत आहे, आणि उत्तरही सुचवून ठेवलंय. ‘रस्ते आणि पाणीपुरवठा समाधानकारक आहे का?’ यात दोन प्रश्न कोंबलेत, ते वेगळे करा. ‘सहमत आहात का?’ असं विचारलं की समोरच्याचं मन राखण्यासाठी बरेच जण हो म्हणतात, विशेषतः सर्वेक्षक अधिक शिकलेला दिसला तर. त्यापेक्षा दोन बाजू समोर ठेवून निवडायला सांगा, आणि अर्ध्या फॉर्मांत त्या उलट क्रमाने छापा. ‘सांगता येत नाही’ला वेगळी चौकट ठेवा. ती मोठ्याने वाचायची की नाही हे आधी ठरवा आणि सगळ्यांनी तेच करा.

छापण्याआधी वीसेक जणांवर प्रश्नावली वापरून पाहा. उत्तर मिळाल्यावर ‘या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतला?’ हे विचारा. मुलाखत २० मिनिटांच्या वर जात असेल तर कात्री लावा. शेवटच्या पानावर माणूस कंटाळून एकच पर्याय सांगत सुटतो.

प्रश्न : लोकांचा बातम्यांवर विश्वास उरलेला नाही, असं सगळीकडे ऐकू येतं. हे मोजायचं कसं? आम्ही ‘तुमचा माध्यमांवर विश्वास आहे का? हो / नाही’ असा प्रश्न लिहिला आहे.

उत्तर : या एका प्रश्नाने काही हाती लागणार नाही. ‘माध्यमं’ म्हटल्यावर एकाच्या डोळ्यासमोर रात्रीची आरडाओरड करणारी वाहिनी येते, दुसऱ्याच्या डोळ्यासमोर सकाळचा पेपर आणि तिसऱ्याच्या डोळ्यासमोर मोबाइलवर ढकलला गेलेला मजकूर. तिघांचं ‘नाही’ तीन वेगळ्या गोष्टींना उद्देशून असतं.

प्रश्नाचे तुकडे करा. आधी वापर विचारा : गेल्या सात दिवसांत बातम्या कुठून कळल्या? छापील पेपर, दूरचित्रवाणी, आकाशवाणी, बातम्यांची संकेतस्थळं, चित्रफिती, ओळखीच्यांकडून आलेले संदेश, प्रत्यक्ष बोलणं, प्रत्येकाला हो किंवा नाही. मग बातम्यांवरचा एकूण विश्वास. मग तो माणूस स्वतः जे वाचतो-पाहतो त्यावरचा विश्वास. हे शेवटचे दोन वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे, कारण लोक ‘एकूण बातम्यां’पेक्षा ‘मी पाहतो त्या बातम्यां’वर अधिक भरवसा ठेवतात. चौथा प्रश्न वागण्याचा : गेल्या महिन्यात एखादी बातमी खोटी वाटली म्हणून दुसरीकडे तपासून पाहिली का? कशावरच विश्वास न ठेवणारा आणि तपासून विश्वास ठेवणारा हे दोघेही ‘फारसा नाही’ असंच उत्तर देतात. त्यांच्यातला फरक या चौथ्या प्रश्नाने कळतो.

पर्यायांना शब्द द्या : पूर्ण, बऱ्यापैकी, फारसा नाही, अजिबात नाही. एक ते दहा आकड्यांत विश्वास सांगायची सवय सगळ्यांना नसते. आता हे शब्द जोडून मथळा कसा फिरवता येतो ते पाहा. समजा उत्तरं ९, ३१, ३८, १५ आणि ‘सांगता येत नाही’ ७ टक्के अशी आली. पहिले दोन जोडले की ‘४० टक्के लोकांचा विश्वास’. शेवटचे दोन ठळक केले की ‘निम्म्याहून जास्त लोकांचा विश्वास नाही’. दोन्ही खरं आहे. म्हणून पाचही आकडे छापा.

जुन्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर प्रश्न शब्दशः तोच हवा. गॅलप संस्थेच्या पाहणीत वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी आणि रेडिओ बातम्या पूर्ण, अचूक आणि निःपक्षपातीपणे देतात यावर किती भरवसा, हा प्रश्न वर्षानुवर्षं त्याच शब्दांत विचारला जातो. अमेरिकेत पहिल्या दोन पर्यायांची बेरीज १९७६ साली ७२ टक्के होती, २०२४ साली ३१. ही घसरण म्हणून वाचता येते, कारण मोजपट्टी तीच राहिली. वेगळ्या संस्थेच्या, वेगळ्या शब्दांतल्या प्रश्नाशी असा हिशेब लावता येत नाही. नमुना कोणाचा आहे तेही पाहा. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक डिजिटल न्यूज रिपोर्टमधला भारताचा नमुना ऑनलाइन बातम्या पाहणाऱ्या इंग्रजी जाणणाऱ्यांचा असतो, आणि अहवालात तसं लिहिलेलंही असतं. बातमी करताना ते वाक्यच गळतं.

आणखी एक गोष्ट उत्तरं वाचताना लक्षात असू द्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पश्चिम आशियातल्या संघर्षाच्या त्याच बातम्या दोन्ही बाजूंच्या समर्थकांना दाखवल्या. दोन्ही गटांनी त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या आहेत असं सांगितलं. त्यामुळे ‘माध्यमं पक्षपाती आहेत’ या उत्तरातून माध्यमांइतकंच उत्तर देणाऱ्याच्या भूमिकेबद्दलही कळत असतं. हे उत्तर राजकीय कलाच्या उत्तराशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आर्थिक परिस्थितीबद्दल विचारलं की सगळेच ‘वाईट’ म्हणतात. मग विचारून उपयोग काय?

उत्तर : ‘परिस्थिती कशी आहे?’ असं मोघम विचारलं की मोघम तक्रारच येते. तुलना करायला लावा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची ग्राहक पाहणी १९४० च्या दशकापासून चालू आहे आणि तिचा निर्देशांक मोजक्या पाच प्रश्नांवर उभा आहे : वर्षापूर्वीच्या तुलनेत घरची आर्थिक स्थिती, वर्षानंतरची अपेक्षा, पुढच्या वर्षभरातले व्यवसायाचे दिवस, पुढच्या पाच वर्षांतले, आणि घरातली मोठी वस्तू घ्यायला सध्याचा काळ बरा आहे का. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची ग्राहक विश्वास पाहणी एकूण अर्थस्थिती, रोजगार, किमती, उत्पन्न आणि खर्च यांबद्दल ‘वर्षापूर्वीपेक्षा’ आणि ‘वर्षानंतर’ असं विचारते. तुम्हीही हाच साचा वापरा.

हिशेब सोपा आहे. ‘सुधारली’ ३० टक्के, ‘तशीच’ २५, ‘बिघडली’ ४५ असेल, तर ३० मधून ४५ वजा, उरले उणे १५. त्यात १०० मिळवले की निर्देशांक ८५. शंभराच्या खाली म्हणजे नाराजांची संख्या जास्त. एका वेळच्या ८५ वरून फार बोलू नये. सहा महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजून तुलना केली की त्यातून काही कळतं.

घरची स्थिती आणि देशाची स्थिती हे दोन प्रश्न वेगळेच ठेवा. मतदानाचा अभ्यास करणाऱ्यांना अनेकदा असं आढळलंय की मत ठरवताना माणूस स्वतःच्या खिशापेक्षा ‘एकूण कसं चाललंय’ याकडे जास्त पाहतो. आणि या ‘एकूण’च्या उत्तरात राजकारण मिसळलेलं असतं. अमेरिकेत अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा आला की काही आठवड्यांतच दोन्ही पक्षांच्या समर्थकांची अर्थव्यवस्थेबद्दलची मतं उलट्या दिशेने फिरतात. एवढ्या दिवसांत कोणाच्या पगारात किंवा खर्चात असा बदल झालेला नसतो. म्हणून मतांच्या जोडीला प्रत्यक्ष घडलेलं विचारा : गेल्या तीन महिन्यांत कर्ज किंवा उसने पैसे घ्यावे लागले का, कोणता खर्च पुढे ढकलला, घरातल्या किती जणांना नियमित काम होतं.

महागाईबद्दल गोंधळ ठरलेला. महागाईचा दर कमी झाला म्हणजे किमती उतरल्या असं होत नाही, त्या हळू वाढतात एवढंच. लोक किमतीकडे पाहून ‘महागाई कमी झालीच नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबर असतं. म्हणून ‘वर्षभरात किमती वाढल्या, तशाच राहिल्या की उतरल्या?’ आणि ‘आता त्या आधीपेक्षा जास्त वेगाने वाढतात की कमी?’ असे दोन प्रश्न घाला. टक्केवारी विचारलीत तर सरासरी काढू नका. नऊ जणांनी ५, ६, ८, ८, १०, १०, १२, २०, ५० असं सांगितलं, तर सरासरी १४.३ येते, केवळ एका पन्नासमुळे. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, तो १०.

प्रश्न : राजकीय प्रश्नाला लोक खरं उत्तर देतात का? अनेक जण ‘अजून ठरवलं नाही’ म्हणून टाळतात.

उत्तर : टाळणाऱ्यांत खरोखर न ठरवलेलेही असतात आणि सांगायला घाबरणारेही. भीती कमी करणं तुमच्या हातात आहे. मतपत्रिकेसारखा कागद हाती द्या, खूण करून घडी घालायला सांगा आणि बंद पेटीत टाकून घ्या. कागदावर नाव नको. मुलाखतीला घरातले इतर कोणी बसले होते का याची नोंद करा. सासरे किंवा नवरा शेजारी असताना सुनेने दिलेलं उत्तर आणि ती एकटी असताना दिलेलं उत्तर पुढे वेगळं करून पाहता येतं. सर्वेक्षक त्याच भागातला, ओळखीचा किंवा पक्षाचं काम करणारा नसावा. ‘गेल्या वेळी मतदान केलं होतं का?’ याला प्रत्यक्षापेक्षा नेहमीच जास्त लोक हो म्हणतात. ‘काही जणांना जमलं नाही, तुम्हाला जमलं का?’ असं विचारलं तर फुगवटा थोडा कमी होतो.

सर्वेक्षकाच्या चुका पकडायची एक उत्तम युक्ती आपल्याच देशात जन्मली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांत एकाच भागासाठी दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते वेगळ्या माणसांकडून मोजून घेतले. दोन निकालांत फार अंतर पडलं की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायचं. तुमचे पाच गठ्ठे सर्वेक्षकांच्या दोन तुकड्यांत वाटा आणि हेच करा. शिवाय दर दहा फॉर्मांमागे एका घरी दुसऱ्या माणसाने जाऊन ‘मुलाखत झाली का, किती वेळ चालली’ एवढं विचारावं. बसल्या जागी भरलेले फॉर्म यातून सापडतात.

प्रश्न : आमच्या नमुन्यात बायका ३५ टक्केच आल्या. प्रत्यक्षात त्या निम्म्या आहेत. सगळं वाया गेलं का?

उत्तर : नाही. प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला ५० भागिले ३५ म्हणजे १.४३ आणि पुरुषाच्या उत्तराला ५० भागिले ६५ म्हणजे ०.७७ वजन द्या. एखाद्या गोष्टीला ६० टक्के बायका आणि ४० टक्के पुरुष अनुकूल असतील, तर वजनाशिवाय आकडा ४७ येतो आणि वजन दिल्यावर ५०. याची किंमत म्हणजे ४०० जणांचा नमुना सुमारे ३६४ इतकाच प्रभावी उरतो. शिक्षणाचंही तसंच पाहा. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत कित्येक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणानुसार वजन दिलं नव्हतं. जास्त शिकलेले लोक मुलाखतीला सहज तयार होतात, आणि त्या वर्षी मतंही शिक्षणानुसार विभागली होती.

पण ज्या ३५ टक्के भेटल्या त्या न भेटलेल्यांसारख्याच आहेत, असं वजन देताना आपण मानून चालतो. सगळ्या मुलाखती संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी घेतल्या असतील तर आधी फेरीची वेळ बदला.

प्रश्न : बातमी आली, ‘नेत्याचा पाठिंबा ४४ वरून ४७ टक्क्यांवर’. दुसऱ्या चाचणीत एक उमेदवार ४६, दुसरा ४२. हे किती खरं?

उत्तर : दोन्ही चाचण्या ६०० जणांच्या असतील तर एकेका आकड्याची मर्यादा ४ टक्के. दोन वेळच्या आकड्यांतला फरक पाहताना ती ५.६ होते, त्यामुळे तीनची वाढ बातमी करण्याजोगी नाही. त्याच ६०० जणांत ४६ आणि ४२ यांच्यातल्या आघाडीची मर्यादा साडेसात टक्के. चारची आघाडी उलटीही असू शकते. छापलेला ‘चार टक्के’ आघाडीला लावायचा नसतो.

प्रश्न : मग एवढं सगळं नीट करूनही मोठ्या चाचण्या चुकतात कशा? आणि आमच्या पाहणीवरून कोण जिंकेल ते सांगता येईल का?

उत्तर : १९४८ साली अमेरिकेतल्या चाचण्यांनी अध्यक्षपदासाठी ड्यूई जिंकणार म्हटलं आणि ट्रूमन जिंकले. कोट्याप्रमाणे, म्हणजे इतके पुरुष, इतक्या बायका असे ठरवून दिलेले आकडे भरत, माणसं निवडायची मोकळीक सर्वेक्षकांना दिली होती आणि मतदानाच्या बऱ्याच आधी विचारणं थांबवलं होतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली चाचण्यांनी बरोबरी सांगितली, प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे राहिला. पुढे झालेल्या चौकशीत नमुनेच प्रातिनिधिक नव्हते हे मुख्य कारण निघालं. बहुतेक चाचण्या एकाच दिशेला चुकल्या होत्या, त्यामुळे दहा चाचण्यांची सरासरी काढूनही चूक तशीच राहिली. आता तर दार ठोठावणं किंवा फोन लावणं दिवसेंदिवस अवघड झालंय. प्यू या अमेरिकी संस्थेच्या फोनवरच्या पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता, २०१८ साली ६ टक्के. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणं हा आणखी वेगळा अंदाज आहे. तिरंगी-चौरंगी लढतीत दोन टक्के मतं सरकली की जागा कितीतरी सरकतात.

तुमच्या पाहणीवरून जिंकणारा सांगू नका. ४०० जणांच्या नमुन्याला ते पेलत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर असा आकडा कोणाच्या हाती कसा वापरला जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. अडचणी, विश्वास, घरखर्च यांची चित्रं छापा. सोबत पाहणी कोणी केली, पैसे कोणी दिले, तारखा, नावं कशी निवडली, किती निवडली, त्यांपैकी किती भेटली, किती जणांनी नकार दिला, वजन कशावरून दिलं आणि प्रश्नांचे नेमके शब्द हे सगळं द्या. ६२५ पैकी ४०८ मुलाखती झाल्या असतील, तर उरलेल्या २१७ जणांत ‘भेट नाही’, ‘नकार’, ‘स्थलांतर’ आणि ‘मृत’ किती, हा तक्ता पहिल्याच पानावर असावा.